साखळीची दुसरी किल्ली

माझी पहिली मोटरसायकल चहा गार व्हायच्या आत गेली. झाशीच्या सराफ्यात, भर दुपारी, आमच्या दुकानापासून वीस पावलांवर. हँडल लॉक होतं, किल्ली खिशात होती, आणि मी गाडीकडं पाठ करून चहा पीत होतो. चूक झाली ती एवढीच. वळून बघतो तर गाडीच्या जागी तेलाचा एक थेंब. चहावाला म्हणाला, "अभी तो यहीं थी भैया." ते मलाही माहीत होतं.

तेव्हापासून मी चहा भिंतीला पाठ लावून पितो. त्या चहावाल्यावर माझा संशय होता. अजूनही थोडा आहे. गाडी गेली त्या दिवशी त्यानं मला दुसरा चहा फुकट दिला. साखर जास्त मागितली तरी तोंड वाकडं करणारा माणूस फुकट चहा का देतो, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातला. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात परमुलखात असतो. कुणी केरळात, कुणी पंजाबात, मी झाशीत. आठवीत असताना मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं, तो मी तसाच चालत घरी गेलो, आणि पुढच्या महिन्यात रेल्वेत बसलो होतो. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा आम्ही आणतो, जाळतो, धुतो, आणि तिच्यातनं कण काढतो. लोक म्हणतात हा धंदा विश्वासावर चालतो. खरं आहे. पण आमच्या दुकानातनं बाहेर पडताना प्रत्येक माणूस एकाच घमेल्यात हात धुतो, केस झटकतो, शर्ट झटकतो. मालकही धुतात. आणि त्या घमेल्यातलं पाणी कुणी गटारात ओतत नाही. असल्या विश्वासात मी सोळा वर्षं काढली आहेत.

गाडी गेल्यावर दोन महिने मी बसनं फिरलो. आमचे सोनार एका ठिकाणी नाहीत. सीपरी बाजारात आहेत, चिरगावला आहेत, लांब गुरसरायला आहेत. ज्याच्याकडं वेळेवर पोचलो नाही तो दुसऱ्या गलाईवाल्याला हाक मारतो. गुरसरायचे दोघं तसेच तुटले. मालक संध्याकाळी घड्याळाकडं बघायला लागले. मालक घड्याळाकडं बघायला लागले की पुढं काय होतं ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

तेव्हा काकू धावून आल्या. काकू म्हणजे मी राहतो त्या घराच्या मालकीणबाई. वय सत्तरीच्या अलीकडं, सरकारी कचेरीतनं निवृत्त, एकट्या. त्यांच्या घराण्यातलं कुणी फार पूर्वी गुरसरायच्या जहागिरीत कारकुनीला आलं, ते इथलंच झालं. पहिली गाठ पडली ती भाजीवाल्यापाशी. मी फोनवर आईशी बोलत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "कुठचा रे तू?" परक्या गावात अनोळखी बाईनं मराठीत हटकलं म्हणून माणसाला आनंद व्हायला पाहिजे. मी दचकलो. आपल्या भाषेत गोड बोलणारा जास्त जपून घ्यावा, असं मालकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. काकू म्हणाल्या, "माझं मराठी ऐकून हसू नकोस हां. आमचं असंच आहे, खिचडी." तरी कपाटाला त्या फडताळ म्हणत आणि मोटरसायकलला फटफटी. त्यांनी वरची खोली दिली. मला तापानं धरलं तेव्हा दहा दिवस मऊ भात वर आणून दिला. त्याची परतफेड मी कशी करणार, हे मला अजून माहीत नाही.

गाडी गेल्याचं कळल्यावर दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, "आमची फटफटी उभी आहे ना जिन्याखाली. हे गेले तेव्हापासून कोणी हात नाही लावला. चालवशील तर वाचेल."

काकांची ती गाडी. काळी, टाकीवर लाल पट्टा, मागच्या मडगार्डला एक पोचा. काका पहिल्यांदा चालवायला शिकले तेव्हा मागच्या भिंतीनं दिलेला. गाडी दुरुस्त झाली, मी ती चालवायला लागलो, आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत काकूंनी लगेच पाण्याचा ड्रम आणि इन्व्हर्टर ठेवला. म्हणजे गाडी आता रस्त्यावरच उभी राहणार. काकूंचा नियम एकच: संध्याकाळी आलं की किल्ली त्यांच्या दारामागच्या खुंटीवर. "गाडी तुझ्याकडे, किल्ली माझ्याकडे," त्या म्हणाल्या. सकाळी किल्ली मागून घ्यायची, संध्याकाळी टांगायची. टांगताना ती वाजली की आतनं आवाज यायचा, "आलास?"

स्वतःची गाडी गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. पण ही गेली तर? ही काकांची. मी काकूंच्या दारात उभा राहून त्यांना काय सांगणार, हे मी मनात इतक्यांदा बोलून पाहिलं होतं की सगळं पाठ झालं होतं. ते बोलायची वेळ येऊ नये, म्हणून मी जमेल ते सगळं करत होतो.

पेट्रोलचा कॉक बंद. प्लगची टोपी काढून खिशात. हँडल लॉक. आणि साखळी. साखळीबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

आमच्या सराफ्यातल्या गलाईवाल्यांची एक रीत आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी लावायच्या आणि एकीचं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाला एकाच साखळीनं बांधायचं. याला आम्ही जुपणं म्हणतो. चोर एक गाडी उचलून टेम्पोत टाकतो, जोडी कशी टाकणार? कुलपाच्या दोन किल्ल्या, जोडीदाराकडं एकेक. माझा जोडीदार माझ्याच गावचा, दुसऱ्या दुकानात कामाला. त्याचीही गाडी काळी, टाकीवर लाल पट्टा, आणि दोघांनी सराफ्यातल्या एकाच माणसाकडनं पिवळी सीट कव्हरं घेतलेली. त्याला माझ्या काळजीचा कंटाळा येई.

"आरं लेका, बायकोला एवढं जपत न्हाईस," तो म्हणायचा.

"बायको गावाकडं आहे. तिला कोण नेतंय?"

"ह्या फटफटीला तरी कोण नेतंय? भंगारवाला पन इचार करंल."

पण साखळी लावताना तो हात द्यायचा. लावल्यावर ओढून बघायचं काम माझं.

काकूंच्या गल्लीत जोडीदार नव्हता, म्हणून तिथं साखळी मी विजेच्या खांबाला बांधत असे. आणि राख टाकत असे. ही माझी स्वतःची युक्ती. भट्टीतली बारीक राख पुडीत बांधून आणायची आणि दिवेलागणीला गाडीभोवती हातभर रुंद पसरायची, पातळ, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. गलाईत आम्ही बारीक धुळीकडं बघूनच जगतो. कोण आलं, कोण गेलं, राख सांगते. सकाळी झाडूवाली यायच्या आत मी उतरून बघायचो.

पहिले पंधरा दिवस कुत्री, मांजरं, एकदा गाय. मग एका सकाळी चपलेचा ठसा. पट्ट्याची चप्पल, उजव्या पायाची टाच आतल्या अंगानं झिजलेली. ठसा गाडीपर्यंत आलेला, साखळीपाशी दोन्ही पाय जोडून थांबलेला, आणि परत गेलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशीही. राखेपलीकडं फरशी होती, तिच्यावर काही उमटत नव्हतं. म्हणून आला कुठनं आणि गेला कुठं ते कळेना. पण रोज येतो, साखळीपाशी थांबतो, एवढं कळलं. कुलूप बघत असणार. किल्ली घडवायला माप लागतंच.

माझा संशय समोरच्या शिंप्यावर, इथल्या भाषेत दर्ज्यावर, गेला. त्याचं दुकान बरोबर गाडीसमोर. दिवसभर तो मशीनवर बसायचा आणि पाय चालवता चालवता गाडीकडं बघायचा. गेल्या दिवाळीपासून आठवड्यातनं एकदा तरी त्याचा एकच प्रश्न असायचा.

"काए भैया, बेच रए का?"

"नाही. माझी नाही ती."

"तो जिनकी है उनसे पूछ लो."

"नही बेचनी."

"हम तो पूछ रए. पूछने में का जा रओ?"

सारखं विचारणारा माणूस सरळ नसतो. त्याच्या चपलांचे तळवे बघावेत म्हणून मी एक पँट आखूड करायला टाकली. खरं तर ती आखूड करायची गरज नव्हती, आता ती घोट्याच्या वर येते. माप घेताना तो उकिडवा बसला आणि चपलांचे तळवे दिसले. दोन्ही सारख्या झिजलेल्या. मी ठरवलं, याच्याकडं दोन जोड आहेत.

एकदा मी पाचला उठून खाली गेलो. म्हटलं रंगेहाथ पकडू. गल्लीत काकूंशिवाय कुणी नव्हतं. त्या हातात दुधाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. "एवढ्या सवेरे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, झोप येत नव्हती. राखेत ठसा ताजा होता. माझ्या पायांचा आवाज ऐकून पळाला असणार. मी काकूंना काही सांगितलं नाही. त्या घाबरल्या असत्या.

असे दहा महिने गेले. गुरसरायचा एक सोनार परत आला. चिरगावला मी नऊ वाजता पोचायला लागलो. मालकांनी घड्याळाकडं बघणं सोडलं. हे सगळं त्या काळ्या गाडीवर चाललं होतं, आणि रोज सकाळी राखेत तो ठसा होता.

मग सीपरी बाजारचा तो दिवस आला.

तिथल्या एका सोनाराकडनं दुकानातली धूळ न्यायची होती. माझा गाववालाही त्याच बाजूला येणार होता. फोनवर म्हणाला, "म्या म्होरं जातो. पानवाल्याजवळ गाडी लावतो, तू येऊन जूप." मी पोचलो तेव्हा पानवाल्याच्या टपरीला लागून काळी गाडी उभी होती. टाकीवर लाल पट्टा, पिवळं सीट कव्हर. मी माझी गाडी शेजारी लावली. आधी सगळीकडं बघून घेतलं. पानवाल्याकडं दोघं उगाच उभे होते, त्यांची तोंडं लक्षात ठेवली. ई-रिक्षावाला बिनकामाचा थांबला होता, त्याच्या रिक्षाचा रंग लक्षात ठेवला. खाली बसलो, दोन्ही चाकांतनं साखळी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. गर्दीतला एकेक माणूस निरखला, पण शेजारच्या गाडीचा नंबर काही बघितला नाही.

सोनारानं दीड तास बसवून ठेवलं. मी धुळीचा डबा घेऊन परत आलो तर गाड्यांभोवती घोळका. गेली, असंच वाटलं. माणसं बाजूला सारून आत घुसलो, तर दोन्ही गाड्या होत्या तशाच उभ्या. मला इतकं हायसं वाटलं की मी सगळ्यांसमोर खिशातनं किल्ली काढली आणि कुलपापाशी बसलो.

"येइ है!" कुणीतरी ओरडलं.

माझी कॉलर धरणारा माणूस चिरगावचा निघाला. पन्नाशीचा, कपाळ घामानं डबडबलेलं, हातात औषधांची पिशवी. वडील दवाखान्यात होते, औषधं घेऊन तो निघाला, तर त्याची गाडी दुसऱ्या गाडीला जखडलेली. आधी त्याला वाटलं ट्रॅफिकवाल्यांनी लावली. चौकापर्यंत जाऊन विचारून आला. मग पानवाल्यानं सांगितलं की एक माणूस आला, इकडंतिकडं बघितलं, बसला आणि साखळी लावून गेला.

"हमारी गाड़ी बाँध के जा रए थे?"

"चूक झाली भैया. मला वाटलं... हमको लगा हमारे गाँववाले की है."

"गाँववाले की गाड़ी काए बाँधत?"

आमच्या सराफ्यात सगळ्यांना माहीत आहे, तिथं कुणी विचारतही नाही. सीपरी बाजारात उभं राहून हिंदीत सांगायला गेलो की आम्ही एकमेकांच्या गाड्या एकमेकांना बांधतो, म्हणजे चोरी होत नाही, तेव्हा माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"डिब्बे में का है?"

"मिट्टी."

एकानं झाकण उघडलं. खरंच माती. घोळक्यात कुणीतरी हसलं, पण हसू चांगलं नव्हतं. "मिट्टी लेके घूम रए बाज़ार में?" मी दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला. त्यामुळं संशय आणखी वाढला.

"कागज़ दिखाओ."

मी सीटखालनं कागद काढले. चष्मा घातलेल्या एका गृहस्थांनी ते घेतले, सगळ्यांना ऐकू जाईल असं काकांचं नाव वाचलं, आणि माझ्याकडं वरून खाली बघितलं.

"ये आप हैं?"

"नहीं जी. वो गुज़र गए."

"वो गुज़र गए, तो गाड़ी आपके पास कैसे है?"

तेवढ्यात माझा गाववाला धावत आला. एरवी त्याला बघून मला आनंद झाला असता. ऐन वेळी गाडी सुरू होईना, म्हणून ती घरीच ठेवून तो ई-रिक्षानं आला होता. घोळका बघून त्यानं लांबूनच आरोळी ठोकली, "आरं काय झालं रं? कुनी मारलं का तुला?" घोळक्याच्या लेखी आता आम्ही दोघं झालो, आणि दोघं अशा बोलीत बोलत होतो जी त्यांना कळत नव्हती.

"दूसरा भी आ गया," पानवाला म्हणाला.

गाववाल्याला काय वाटलं देव जाणे. मदत म्हणून त्यानं खिशात हात घातला आणि साखळीची दुसरी किल्ली काढून सगळ्यांना दाखवली. "ये देखो! चाबी मेरे पास भी है!"

"दोनों के पास चाबी!" घोळका एकदम पुढं सरकला. चिरगाववाला म्हणाला, थाने चलो. चष्मेवाले म्हणाले, गाडी इथंच राहील, आधी मालकाच्या घरचं कुणी येऊ दे. गाडी इथं राहील, या एका वाक्यावर मी एका हातानं डबा धरून दुसऱ्यानं हँडल पकडलं. माझं काय व्हायचं ते होवो. पण गाडी सीपरी बाजारात, साखळीविना, या सगळ्यांच्या मधे?

मी म्हटलं, "मालकीण आहेत. फोन करा."

फोन मीच लावला, चष्मेवाल्यांनी हातातनं घेऊन आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. दुपारी काकू झोपतात. शेवटी त्यांचा आवाज आला.

"अम्मा जी, आपकी मोटरसाइकल कहाँ है?"

मग काकू मराठीत म्हणाल्या, "कोण बोलतो? आणि तो कुठे आहे?" आवाज असा होता की याच प्रश्नाची त्यांनी फार दिवस तयारी केली असावी. मी ओरडलो, "काकू, गाडी आहे! माझ्यासमोर आहे!"

"मग हे कोण?"

चष्मेवाल्यांनी हिंदीत सगळं सांगितलं. काकूंनी नंबर वाचायला लावला. मग म्हणाल्या, "पिछले मडगार्ड पे बाएँ तरफ पिचका हुआ है. देखिए." चार माणसं वाकून बघायला लागली. पोचा होता.

"गाड़ी हमारी है," काकू म्हणाल्या.

"और लड़का, अम्मा जी?"

कचेरीत आयुष्य काढलेली बाई. खात्री नसलेल्या कागदावर त्यांनी सही केली नसणार.

"लड़के का क्या बताऊँ," काकू म्हणाल्या. "दस महीने से रोज़ ले जाता है. अभी तक तो भागा नहीं."

घोळका हसला. यावेळचं हसू वेगळं होतं. चष्मेवाले पण हसले आणि कागद परत दिले. मी डबा सोडायला तयार नव्हतो, म्हणून कुलूप गाववाल्यानंच उघडलं. चिरगाववाल्याच्या मी पाया पडलो, तो पाय मागं घेत म्हणाला, "अरे जान दो, देर हो गई," आणि औषधांची पिशवी हँडलला अडकवून निघून गेला. त्याचे वडील बरे असोत. चिरगावला जातो तेव्हा मी काळी गाडी शोधत असतो, पण दिसली तर लपायचं का भेटायचं ते ठरलेलं नाही.

परत येताना रेल्वेच्या पुलावर ऊन तिरपं पडलं होतं. गाववाला मागं बसला होता. "अभी तक तो भागा नहीं," तो काकूंच्या आवाजात म्हणाला आणि स्वतःच खिदळला. मला हसू येईना. ते वाक्य आत कुठंतरी रुतलं होतं. दहा महिने मी त्यांच्या गाडीची राखण केली, आणि त्यांनी "अजून तरी" म्हटलं.

त्याला सराफ्यात सोडून गल्लीत आलो. दर्ज्यानं मशीन थांबवलं.

"काए भैया, आज अम्मा जी बड़ी घबराई हुई थीं. चार बेर बाहर आईं देखने."

"काय बघायला?"

"गाड़ी. वो तो रोज़ देखती हैं. सवेरे हम झाड़ू लगाते हैं ना, तब. आके साँकल हिला के देखती हैं, फिर जाती हैं. तुमें नइ मालूम?"

मी गाडी लावली. खांबाला साखळी बांधली. राखेची पुडी खिशात होती, ती काढली नाही. पायऱ्या चढलो. काकूंच्या दाराबाहेर त्यांच्या चपला होत्या, दहा महिने रोज मी त्यांच्यावरनं पाय टाकून वर जात होतो. खाली वाकलो आणि उजवी चप्पल उलटी केली. टाच आतल्या अंगानं झिजलेली.

"सरळ ठेव ती," आतनं काकू म्हणाल्या. "उलटी चप्पल घरात भांडण आणते."

मी सरळ ठेवली. किल्ली खुंटीवर टांगली. त्या पलंगावर बसल्या होत्या, डोळे लाल.

"काकू, तुम्ही रोज सकाळी गाडीपाशी जाता?"

"जाते ना. आणि तू ती राख टाकतोस. चपलेला लागून सगळी घरात येते, रोज पुसते मी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला वाटलं तुमच्याकडे काही रिवाज असेल."

"मग कशाला जाता?"

"बघायला."

"चोरी झाली का ते?"

"चोरी," त्या म्हणाल्या. मग, खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखं, सरळच म्हणाल्या, "आणि तू गेलास का ते."

खाली कुणाचीतरी स्कूटर गेली.

"मग किल्ली का देता रोज?"

"नाही दिली तर चिरगावला कसा जाशील?" काकू म्हणाल्या. लहान पोरालाही कळेल अशी गोष्ट मी विचारली, असा त्यांचा चेहरा होता. मग त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तिथनं विचारलं, "त्या साखळीच्या दोन किल्ल्या असतात का?"

"हो. एक गाववाल्याकडं."

"ती मला आणून दे. त्याला दुसरी साखळी घे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी गाववाल्याकडं किल्ली मागितली. "म्हंजे काडीमोड झाला म्हन की," तो म्हणाला, पण दिली. सराफ्यात आता आम्ही त्याच्या साखळीनं जुपतो, आणि जुपण्याआधी नंबर मोठ्यानं वाचतो, दोघंही. लोक बघतात.

काकूंच्या खुंटीवर आता गाडीच्या किल्लीशेजारी साखळीची किल्ली असते. सकाळी त्या खाली जातात तेव्हा नुसती साखळी हलवून बघत नाहीत, कुलूप उघडतात, पुन्हा लावतात, आणि मग दूध घ्यायला जातात. राख मी टाकतोच. काकूंनी बंद कर म्हटलं होतं, मी पातळ केली. सकाळी वरनं उतरलो की आधी ठसा बघतो. उजवी टाच आतनं झिजलेली. एका सकाळी ठसा नव्हता, तेव्हा मी गाडीकडं न बघता आधी पायऱ्या चढलो आणि दार ठोठावलं. त्यांचे गुडघे धरले होते, एवढंच. "गाडी आहे का?" त्यांनी आतनं विचारलं. मी म्हटलं, बघितली नाही. त्या रागावल्या.

दर्ज्यानं परवा पुन्हा विचारलं, बेच रए का. मी त्याला नाही म्हटलं. त्यानं नव्या चपला घेतल्या आहेत. अजून तरी त्यांचा ठसा राखेत आलेला नाही. मी बघतो आहे.